सातबाऱ्यापासून शेतवारपत्रकापर्यंत: वडिलोपार्जित जमिनीचा माग कसा काढावा

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांत एक वाक्य कधी ना कधी कानावर पडतं: "वरच्या माळाचं रान पूर्वी आपलंच होतं." ते रान आपल्याकडे कुठून आलं, पुढं विकलं, कुळाला (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला) गेलं की भावकीत वाटणीला गेलं, हे विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. खरं उत्तर कागदात असतं. फक्त ते एका जागी नसतं. थोडं तलाठ्याच्या सजात, थोडं तहसीलच्या अभिलेख कक्षात, थोडं मोजणी ऑफिसात आणि थोडं दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवतात तिथं. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यासाठी हा क्रम लिहितो आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. नवीन माणूस आजोबांचं नाव शोधत निघतो आणि तिसऱ्या कागदावर अडकतो, कारण नावं बदलतात, सारख्या नावाची माणसं गावात चार असतात, आणि जमिनीचा नंबरही बदललेला असतो. त्यापेक्षा जमिनीचं क्षेत्र आणि आकार धरून मागे जा. आकार म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला सरकारी सारा. जमिनीच्या सरकारी पाहणीच्या वेळी तो ठरला (पुढं फेरआकारणी झाली तर बदललाही), आणि जमिनीचे तुकडे पडले तसा तोही त्याच प्रमाणात फुटत गेला. चार हिश्श्यांच्या आकारांची बेरीज मूळ नंबराच्या आकाराशी जुळली, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. जुळली नाही तर मधला एखादा कागद अजून हाती लागायचा आहे.

घरातून सुरुवात

ऑफिसात जाण्याआधी घरातली पेटी उघडा. जुनी खातेपुस्तिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, पाटबंधारे खात्याच्या नोटिसा, कोर्टाच्या निकालाच्या नकला, सगळं बाहेर काढा. सोसायटीचा एखादा जुना दाखलासुद्धा महत्त्वाचा, कारण त्यावर त्या काळचा सर्व्हे नंबर (आजच्या गट नंबराआधीचा जमिनीचा नंबर) लिहिलेला असतो आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

मग वंशावळ काढा. किमान चार पिढ्या, आणि प्रत्येक माणसापुढं मृत्यूचं साल, निदान अंदाजे. मुली आणि सुना वगळू नका. कोण दत्तक गेलं, कोण घरजावई राहिलं, कुणाला मूलबाळ नव्हतं, कुणाची दोन लग्नं झाली, हेही लिहा. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला किंवा चुलतीला हे सगळं तोंडपाठ असतं, ती आहे तोवर तिच्याजवळ बसून घ्या. मृत्यूचं साल सापडत नसेल तर गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात पूर्ण नाव आणि जन्मतारीख मिळते. मृत्यूच्या सालाचा आग्रह मी का धरतो ते पुढं कळेल. कोणता वारस धरला आणि कोणता सुटला, ते त्या सालावर ठरतं.

आजचा उतारा

आता चालू सातबारा आणि आठ-अ काढा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तो नुसता पाहता येतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो, कामाला तोच घ्या. आठ-अ म्हणजे त्या गावात एका खात्यावर असलेल्या सगळ्या जमिनींची यादी. तो आधी पाहा. पुष्कळदा घरच्यांना माहीत नसलेला एखादा दहा गुंठ्यांचा तुकडा तिथं दिसतो.

सातबाऱ्यावर चार गोष्टी टिपून घ्या: गट नंबर, क्षेत्र (पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी भाग, धरून), आकार, आणि फेरफार (नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक. हाती लिहिलेल्या उताऱ्यावर हे फेरफार क्रमांक वर्तुळात असतात, आणि ज्यांचा हक्क गेला त्यांची नावं कंसात घातलेली असतात. कंसातली नावं वगळून वाचायची सवय मोडा. इतिहास तिथंच आहे. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, हेही बघा. वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीवाचून विकता न येणारी, असेल तर जमीन सरकारकडून, पुनर्वसनातून, कूळकायद्यानं किंवा वतनाच्या फेरप्रदानातून (खालसा झालेली वतनजमीन परत देण्यातून) आलेली असण्याची शक्यता मोठी, म्हणजे पुढं कुठं शोधायचं ते इथंच समजतं. "इतर हक्क" या रकान्यात कूळ, विहिरीतला हिस्सा, वाट, सोसायटीचा बोजा, "तुकडा" असा शेरा, यातलं काय आहे तेही उतरवून घ्या.

संगणकावरच्या उताऱ्यावर भिस्त ठेवू नका. हाती लिहिलेला शेवटचा सातबारा मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा. सातबाऱ्यांचं ठरावीक काळानं पुनर्लेखन होतं. एक पुस्तक भरलं की नवीन लिहायचं. त्या उतरवून घेण्यात कधी एक भाऊ राहून जातो, कधी एक बोजा. म्हणून शक्य असेल तर हाती लिहिलेल्या सगळ्या जुन्या पानांच्या नकला मागा. बाराच्या, म्हणजे पिकांच्या, बाजूला जुन्या काळी "रीत" (जमीन कसण्याचा प्रकार) आणि जमीन करणाराचं नाव असे रकाने असत. १९५०च्या दशकात रान प्रत्यक्ष कोण कसत होतं, याचा सर्वांत सरळ पुरावा तिथं सापडतो.

फेरफाराच्या पायऱ्या उतरताना

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर नाव का बदललं, याचं कारण तिथं लिहिलेलं असतं. वारस, खरेदी, वाटणी, गहाण, बक्षीस, हक्कसोड, कोर्टाचा हुकूम, कूळकायदा, भूसंपादन, सगळं. सर्वांत अलीकडचा फेरफार आधी वाचायचा, त्यात मागच्या धन्याचं नाव मिळतं, मग त्याचं नाव ज्या फेरफारानं लागलं तो काढायचा, असं एकेक पायरी खाली उतरत जायचं.

एक वही घाला. फेरफार क्रमांक, तारीख, कारण, कुणाचं नाव गेलं, कुणाचं आलं, नंबर, क्षेत्र, आकार, आणि शेवटी मंजूर की नामंजूर. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. तलाठ्यानं नोंद धरली म्हणजे ती पक्की झाली असं नव्हे. नोटीस निघून, हरकतीची मुदत जाऊन, सर्कलनं (मंडळ अधिकाऱ्यानं) ती प्रमाणित केली पाहिजे. रद्द झालेल्या नोंदीची नक्कल घेऊन वर्षानुवर्षं भांडणारी कुटुंबं गावागावात आहेत.

नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. अर्जात "आमच्या जमिनीचे जुने कागद मिळावेत" असं लिहू नका, त्याला उत्तर "अभिलेख आढळून येत नाही" असंच येतं. मौजे अमुक, तालुका अमुक, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, अंदाजे साल, इतकं लिहा, आणि "प्रमाणित प्रत मिळावी" असं म्हणा. फेरफारासोबत वर्दी अर्ज (बदल कळवणारा अर्ज) आणि जबाब असतील तर तेही मागा. जुने बस्ते बाहेर काढणाऱ्या शिपायाशी किंवा कारकुनाशी दोन शब्द आपुलकीनं बोला, त्यांना कुठल्या गावाचं दप्तर कुठल्या कपाटात आहे हे कुठल्याही यादीपेक्षा चांगलं माहीत असतं. आपले अभिलेख या सरकारी पोर्टलवर जुन्या कागदांच्या स्कॅन प्रती ठेवल्या जातात. तुमचा तालुका आणि गाव तिथं दिसत असेल तर आधी तिथं बघा, खेप वाचेल. गावातला तलाठी, म्हणजे आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी, अलीकडचे फेरफार दाखवू शकतो. त्यांना भाऊसाहेब म्हणून हाक मारा आणि सकाळची वेळ विचारून जा.

फेरफारातली भाषा

इथं थोडं थांबू, कारण नवीन माणसाचं खरं अडतं ते अक्षर आणि आखूड शब्दांवर.

जुन्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही. "सखाराम बिन रामा" म्हणजे रामाचा मुलगा सखाराम. "गंगाबाई कोम सखाराम" म्हणजे सखारामाची बायको गंगाबाई. "भ्र." म्हणजे भ्रतार, नवरा. मुसलमान खातेदारांच्या नावात "वलद" येतं. "अज्ञान, अ.पा.क. आई" म्हणजे वारस लहान आहे आणि आई त्याची पालनकर्ती आहे. ते मूल सज्ञान झाल्यावर "अ.पा.क." कमी करायची नोंद कुणी केलीच नाही, अशा जमिनी आजही दिसतात.

सर्वांत जपून वाचायचा शब्द म्हणजे "ए.कु.मॅ.", एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. काही ठिकाणी "ए.कु.क." असतं, कर्ता. चार भावांची एकत्र जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर लावायची आणि पुढं ही अक्षरं जोडायची, अशी रीत होती. अक्षरं होती तोवर धाकट्यांचा हक्क कागदावर दिसत होता. पुनर्लेखनात किंवा थोरला वारल्यावर वारसनोंद करताना ती अक्षरं गळाली, की फक्त थोरल्याची मुलं लागतात आणि बाकीच्या तीन घरांचं नाव कागदावरून पुसलं जातं. तुमच्या घरात "आपलं नाव कसं गेलं कळत नाही" असं कुणी म्हणत असेल, तर पहिला शोध या अक्षरांचा घ्या. ती ज्या पानावर शेवटची दिसतात आणि ज्या पानावर पहिल्यांदा नाहीत, त्या दोन पानांच्या नकला एकत्र ठेवा.

वारसाची जुनी नोंद साधारण अशा धाटणीची असते: खातेदार मयत, वारस मुलगे दोन, मुली तीन, मुली लग्न होऊन नांदत्या घरी आहेत, सबब मुलांची नावं दाखल. इथं मृत्यूचं साल कामाला येतं. १९३७च्या कायद्यानं विधवेला पतीच्या हिश्श्यात मर्यादित हक्क दिला. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि बापाच्या हिश्श्यात मुलगी, मुलगा, विधवा हे एकाच वर्गाचे वारस झाले. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मानंच सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार) केलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं की त्यासाठी बाप २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. तेव्हा १९६३ साली वारलेल्या खातेदाराच्या फेरफारात मुलींची नावं नसली, तरी तेवढ्यानं त्यांचा हक्क संपत नाही. वंशावळीत आत्यांना जागा द्या असं मी म्हणालो ते यासाठी. हा हक्क त्यांचा आहे, आणि शोध घेणाऱ्यानं तो मनात धरूनच कागद वाचावेत.

गहाणाच्या नोंदीत "मुदत खरेदी" हा प्रकार नीट वाचा. दिसायला ती खरेदी, पण ठरलेल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, अशी अट. मुदत गेली, पैसे फिटले की नाही ते कळेनासं झालं, आणि नाव कायमचं गेलं. दुष्काळी माण-खटाव, जत, आटपाडी या भागांत घरोघर अशा कहाण्या सांगतात. "कब्जेगहाण" असेल तर जमीन सावकाराच्या ताब्यात गेली होती, "नजरगहाण" असेल तर ताबा आपलाच होता. "आकारी पड" हा शब्द दिसला तर सारा थकल्यामुळं सरकारनं जमीन ताब्यात घेतली होती असं समजा.

गटापासून सर्व्हे नंबरापर्यंत

फेरफार उतरत उतरत तुम्ही एका मोठ्या नोंदीपाशी येता: एकत्रीकरण योजना. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावंच्या गावं घेऊन विखुरलेले तुकडे एकत्र केले गेले, आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. याच्या अलीकडचं सगळं गटात आहे, पलीकडचं सगळं सर्व्हे नंबर आणि हिश्श्यात. मधला पूल तहसीलमध्ये मिळत नाही. तो उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात, म्हणजे मोजणी ऑफिसात आहे. तिथं एकत्रीकरणाचं योजनापत्रक मागा. कर्मचारी त्याला नऊ-तीन, नऊ-चार म्हणतात. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि त्याचा झालेला गट समोरासमोर असतात. त्या वेळी खातेदारांचे जे जबाब घेतले, त्यांचीही नक्कल मागा. अदलाबदलीला कोण तयार होतं, कोण नव्हतं, ते त्यात असतं.

इथं आकाराचा हिशोब कसा कामाला येतो ते एका नमुन्यावर दाखवतो. समजा जुन्या कागदात सर्व्हे नंबर ८७, हिस्सा २, क्षेत्र ३ एकर १२ गुंठे, आकार ४ रुपये ८ आणे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकूण १३२ गुंठे. आठ आणे म्हणजे पन्नास पैसे, म्हणजे आकार ४.५०. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर, तेव्हा नव्या मापात क्षेत्र १ हेक्टर ३३.५५ आर. दोन भावांत निम्मी वाटणी झाली तर प्रत्येकाला ६६ गुंठे, ६६.७७ आर, आकार २.२५. आता आजच्या दोन गटांपैकी एकावर ६६.७७ आर आणि २.२५ दिसतो, पण दुसऱ्यावर ५६.६६ आर आणि १.९१. दहा गुंठे कुठं गेले? भावानं लाटले असं म्हणण्याआधी आकार बघा. तोही क्षेत्राच्याच प्रमाणात कमी झालाय, म्हणजे कमी करण्याचं काम सरकारी हिशोबानं झालेलं आहे. मोजणी ऑफिसात कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या घट-वाढीची नोंद) मागा. आरफळ, ताकारी, टेंभू, म्हैसाळ यांचे कालवे किंवा रस्ता त्या रानातून गेला असेल तर संपादनाची नोंद तिथं मिळेल. आणि आकार २.२५ च राहून नुसतं क्षेत्र घटलं असेल, तर लिहिण्यात किंवा मोजणीत घोळ झाला असण्याची शक्यता जास्त. आराचे आकडे पूर्णांकात ओढल्यानं थोडा फरक पडतोच, पाव-अर्ध्या आरासाठी डोकं फोडू नका.

मोजणी ऑफिसात असताना आणखी काही कागद मागून ठेवा. आकारबंद म्हणजे गावातल्या प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार यांचं मूळ पत्रक. आकारफोड पत्रकात सर्व्हे नंबराचे हिस्से पडताना क्षेत्र आणि आकार कसा फुटला ते दिसतं. गुणाकार बुकात मोजणीच्या मापांवरून क्षेत्र कसं काढलं त्याचा हिशोब असतो, आणि टिपण म्हणजे त्या नंबराचं हातानं काढलेलं मापासह चित्र. जुनी मोजणी तेहतीस फुटी साखळीनं होई. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच एक गुंठा. बांधावरून वाद असेल तर टिपण आणि फाळणीचा (हिस्से पाडल्याचा) नकाशा यांच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही.

कोणत्या तालुक्याचं दप्तर

कागद "नाही" म्हणून परत आलेला अर्ज बऱ्याचदा चुकीच्या दारात गेलेला असतो. आपल्या भागात हद्दी वारंवार बदलल्या. १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. आटपाडी आणि कवठेमहांकाळ हे तालुके १९६५ मधले. पलूस आणि कडेगाव त्यानंतर कित्येक वर्षांनी तासगाव-खानापुरातून वेगळे झाले. खंडाळा पूर्वी वाईचा पेटा (तालुक्याखालचा लहान विभाग) होता. त्यामुळं पलूसच्या माणसानं तासगावात, कडेगाव-आटपाडीच्या माणसानं विट्यात (खानापूर तालुक्याच्या ठाण्यात), खंडाळ्याच्या माणसानं वाईत जरूर विचारावं.

संस्थानी गावांचं आणखी वेगळं. फलटण, औंध, सांगली, मिरज, जत ही संस्थानं १९४८च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. तोवर त्यांचा महसुली कारभार स्वतःचा होता. औंधचा मुलूख तर तुटक होता: औंध आज खटाव तालुक्यात, कुंडल पलूसमध्ये, आटपाडी स्वतंत्र तालुका. गाव संस्थानी होतं का, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून अर्जात तसं नमूद करा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातही विचारा.

कोयना, धोम, कण्हेर, वारणा या धरणांत गाव गेलेल्यांना दोन गावांचे कागद शोधावे लागतात, बुडालेल्या गावाचे आणि वसवलेल्या गावाचे. नव्या जमिनीचं मूळ वाटपाच्या आदेशात असतं. तो पुनर्वसन शाखेकडे मागा. त्यावर वर्ग दोनच्या अटी असतात.

कूळ आणि इनाम

१ एप्रिल १९५७, कृषक दिन, ही तारीख लक्षात ठेवा. १९४८च्या कूळकायद्याखाली त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. पुढं शेतजमीन न्यायाधिकरणानं कलम ३२ग खाली किंमत ठरवायची, कुळानं ती हप्त्यांनी भरायची, आणि भरल्यावर ३२म चं प्रमाणपत्र घ्यायचं. तुमचे आजोबा कूळ असतील तर तुमच्या मालकीचं मूळ ते प्रमाणपत्र आहे. ते मिळत नसेल तर ३२ग चा निकाल आणि चलनं शोधा. आजोबा जमीनमालक असतील तर उलटं बघा: मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग होता का, त्यामुळं विक्री तहकूब झाली होती का, की कुळानं जमीन घ्यायला नकार दिल्यानं विक्री निष्प्रभ ठरली. या प्रकरणांच्या फायली तहसीलच्या कूळकायदा शाखेकडच्या. नुसत्या फेरफारावर निष्कर्ष काढू नका, पूर्ण निकाल वाचा.

वतनी जमिनींचं मूळ वतन खालसा करणाऱ्या कायद्यांत आहे. परगणा व कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, महार-रामोशी वगैरे कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं, पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं. वतन गेलं तरी ठरलेली रक्कम भरून जमीन मूळ वतनदाराला परत दिली जाई, नवीन शर्तीवर. म्हणजे विकायला परवानगी हवी. विशेषतः महार वतनाच्या जमिनी परवानगीवाचून दुसऱ्यांच्या नावावर गेल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी आहेत. फेरप्रदानाचा आदेश, नजराण्याची (विकायच्या परवानगीसाठी सरकारला भरायच्या रकमेची) पावती आणि पहिली खरेदी यांच्या तारखा ओळीनं मांडल्या की काय झालं ते दिसतं. देवस्थान इनाम मात्र वेगळं. तिथं पुजारी किंवा वहिवाटदार कसत असला तरी मालक देव असतो.

खरेदीखतं

फेरफारात दस्ताचा नंबर आणि तारीख मिळाली की दुय्यम निबंधकाकडे सूची दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) आणि दस्ताची नक्कल मागा. अलीकडच्या वर्षांचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घेता येतो, जुन्यासाठी ऑफिसातच जावं लागतं. दस्तातल्या चतुःसीमा नीट वाचा. पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचं रान, हे वर्णन नंबर बदलले तरी खरं राहतं, आणि आज रानात उभं राहून ताडता येतं.

चूक सापडली तर

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. कलम १५७ प्रमाणं तो उलट सिद्ध होईपर्यंत खरा धरला जातो, पण मालकी त्यानं निर्माण होत नाही. लिहिण्यातली चूक असेल, म्हणजे मंजूर फेरफारात नाव आहे आणि सातबाऱ्यावर उतरलं नाही, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल तर कलम २४७ खाली प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, आणि उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत. एकत्रीकरणातली चूक भूमी अभिलेखाकडे न्यायची. मुळात हक्काचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. तिथं मुदतीचा प्रश्न येतो, म्हणून कागद हाती येताच जमिनीचे दावे चालवणाऱ्या वकिलाला दाखवा, "सगळं गोळा झाल्यावर बघू" म्हणून थांबू नका.

भावकीकडे जाताना एकच उतारा हातात नाचवत जाऊ नका. पूर्ण वही, नकलांचा क्रम, बेरजा, हे सगळं घेऊन बसा. पुष्कळदा समोरच्यालाही यातलं काही माहीत नसतं, आणि त्याच्या पेटीतला एखादा कागद तुमची मधली जागा भरून काढतो.

सातबाऱ्याच्या मागे

सातबाऱ्याच्या आधीचं हक्काचं दप्तर कडईपत्रक, म्हणजे क-ड-ई नमुन्यांचं पत्रक. हक्कनोंदणीचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९०३ सालचा. त्यानंतरची हक्कनोंदणीची जुनी पानं या दप्तरात सापडतात. याच्याही मागे शेतवारपत्रक, इंग्रजी पाहणीच्या वेळचं. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, आणि त्यानंतरच्या दशकांत या मुलखाची नंबरवार पाहणी होऊन आकार बसला. तुमच्या नंबराचा खातेदार म्हणून त्यात जे नाव आहे, तिथंवर पोचणं बहुतेक घरांना शक्य आहे.

इथं मोडी ही जुनी लिपी लागते. बाळबोध (देवनागरी) वाचता येणाऱ्यालाही मोडीतलं नाव उमजत नाही. ओळ ओळीला चिकटलेली, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी कोतवाल बुकं आणि जुने महसुली कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर काढले गेले, तेव्हापासून जिल्ह्यात मोडी वाचणारे कोण आहेत हे तहसीलमध्ये विचारलं तर सांगतात. लिप्यंतर करून घेताना मूळ पानाचा स्वच्छ फोटो, लिप्यंतर आणि वाचणाऱ्याची सही-तारीख एकत्र ठेवा. शंका असलेलं नाव दोन वेगवेगळ्या वाचकांकडून वाचून घ्या.

अठराव्या शतकापर्यंत जायचं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दप्तरात जावं लागतं. वतन किंवा इनाम असलेल्या घरांना तिथं काही मिळण्याची आशा जास्त. इनाम कमिशननं १८५२ च्या कायद्याखाली इनामांची चौकशी केली, आणि त्यात लोकांनी आपल्या हक्काच्या कैफियती आणि वंशावळी दाखल केल्या. साध्या रयतेचं नाव मिळेलच असं नाही, पण गावचा हिशोब, पाटील-कुलकर्ण्यांची नावं आणि पडीक-लागवडीचं प्रमाण मिळू शकतं. रुमाल (जुन्या कागदांचं गाठोडं) मागताना आजचा तालुका सांगून उपयोग नाही. गाव कुठल्या प्रांतात, कुठल्या तर्फेत (गावांच्या जुन्या महसुली गटात) होतं ते लागतं: प्रांत वाई, प्रांत कऱ्हाड, प्रांत मिरज. गावाचं जुनं नाव, कसबा की मौजे, जवळची मोठी पेठ, आणि घराण्याकडे असलेल्या वतनाचा प्रकार एका कागदावर लिहून न्या, ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा, आणि जाण्याआधी वेळ आणि परवानगीचे नियम विचारून घ्या.